पिंगळ्यांचं पुनर्वसन

३ मार्च
बायको गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आली. डॉक्टर म्हणाले, आराम हवा आणि मन प्रसन्न हवं. आराम ती करेल. प्रसन्नतेचं मी बघतो.

पलंग मागच्या खिडकीशी लावून दिला. अंगणाच्या कोपऱ्यात एक वाळलेलं झाड आहे, त्याच्या ढोलीत पिंगळ्यांचं जोडपं राहतं. ही एवढीशी घुबडं, पण बघतात अशी, की जणू आपणच त्यांच्या घरात शिरलोय. संध्याकाळी दोघं बाहेर येऊन कचाकचा भांडतात आणि बायको ते ऐकून हसते. म्हणाली, अगदी आपल्यासारखे आहेत. मी म्हणालो, आपण कुठे भांडतो? यावर अर्धा तास वाद झाला.

अडचण एकच. मधल्या झुडपांमुळे तिला पक्षी धड दिसत नाहीत. तिची तक्रार नाही. पण तिला सुचत नाही म्हणून मी गप्प बसू? आयुष्यभर रस्ते बांधले. एक अंगण म्हणजे किस झाड की पत्ती!

६ मार्च
टप्पा पहिला : साइट क्लिअर करणे. आमच्या खात्याचा नियमच होता, काहीही बांधायचं असो, आधी जागा मोकळी.

झुडपं गेली. वेली गेल्या. पाचोळा पेटवला. त्यातून सरडे, बेडूक, एक मुंगूस असे बरेच अनधिकृत रहिवासी निघाले आणि भिंतीपलीकडे बघूशेठच्या आवारात पसार झाले. बघूशेठ म्हणजे शेजारचे रिटायर्ड पोस्टमन. गवत कापा म्हटलं की म्हणतात, बघू. मोडकी शेड पाडा म्हटलं की, बघू. तत्त्व वगैरे काही नाही, निव्वळ आळस. असू दे. कचऱ्याला कचरा मिळाला.

बायको म्हणाली, त्या झुडपात बुलबुलाचं घरटं होतं. मी म्हणालो, असेल, पण दिसत कुठे होतं?

१० मार्च
उघड्या जमिनीवर किडे फार. औषध फवारलं. रात्री मुलीचा फोन. किडे हेच पिंगळ्यांचं जेवण आहे म्हणे, हे तुम्ही काय चालवलंय बाबा? हल्लीच्या मुलांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय. मी म्हटलं, जेवणाची सोय आपण करू.

११ मार्च
ताटलीत बिस्किटांचा चुरा ठेवला. पिंगळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मुंग्या आल्या. पुन्हा फवारलं.

१५ मार्च
टप्पा दुसरा : लाइट. पिंगळे येतात तिन्हीसांजेला, म्हणजे नेमकं दिसेनासं होतं तेव्हा. निसर्गाचं नियोजन कच्चं आहे. दोन मोठे फोकस लावले. अंगण क्रिकेटच्या मैदानासारखं लख्ख! पिंगळे बाहेर आले, डोळे मिचकावले, परत आत गेले. लाजतात. होईल सवय.

बायकोनं खिडकीला जाड पडदा मागितला. उजेड डोळ्यांवर येतो म्हणाली. तिलाही होईल सवय.

१८ मार्च
एका गोष्टीचा आज छडा लागला. पिंगळे न दिसण्याचं खरं कारण ते झाड! ते सारखे त्याच्या आत जाऊन बसतात. शिवाय झाड वाळलेलं, कधीही पडेल. बायको म्हणाली, त्या झाडाला हात लावू नका. दोनदा म्हणाली. दुखण्यात माणूस हळवं होतं.

१९ मार्च
बायकोला व्यायामासाठी फिजिओकडे सोडलं आणि येताना लाकूडतोड्याला घेऊन आलो. सरप्राइज! तो म्हणाला, साहेब, आत कुणीतरी आहे. मी म्हणालो, कल्पना आहे, त्यांना पर्यायी घरं मंजूर झालेली आहेत. करवत लागताच दोघं उडाले आणि भिंतीवर बसून बघत राहिले. मी हातानं नव्या घरांची जागा दाखवली. संध्याकाळपर्यंत सहा पक्षीघरं तयार, त्याच झाडाच्या फळ्यांची, म्हणजे परकं वाटायला नको. आकाशी ऑइलपेंट, पक्कं छप्पर, दारावर नंबर. इतकं मन लावून मी स्वतःचं घरही रंगवलं नव्हतं.

संध्याकाळी बायकोनं पडदा सरकवला. खूप वेळ बाहेर बघत राहिली. आनंदानं तिच्या तोंडून शब्द फुटेना.

२० मार्च
अजून फुटलेला नाही.

२६ मार्च
घरं रिकामी. घाई करून चालत नाही. नोकरीत असताना रस्त्यासाठी एक अख्खी वस्ती हलवली होती आम्ही. त्यांनाही उत्तम घरं बांधून दिली. आजही नवीकोरी दिसतात, कुणी राहायलाच गेलं नाही.

जमेची बाजू : बायको चालायला लागली! रोज संध्याकाळी काठी घेते, चहाचा थर्मास घेते आणि निघते. परत येते तेव्हा चेहरा खुललेला असतो. प्रकल्पाचा परिणाम दिसू लागला म्हणायचा. मी सोबत येऊ का विचारलं. नको म्हणाली, तुम्ही आलात की सुधारणा सुरू होतात.

विनोद असावा.

२ एप्रिल
टप्पा तिसरा : लपून पक्षी बघण्यासाठी मचाण. शिडी, खुर्ची, दुर्बीण. वर बसलं की अंगणाचा कोपरान् कोपरा दिसतो. आजची निरीक्षणं : एक कावळा (थांबला नाही). पांढरं काहीतरी फडफडलं, प्लास्टिकची पिशवी निघाली.

फार शांत वाटतं. इतकं शांत अंगण पूर्वी नव्हतं. घरही शांत आहे. बायको औषधं कधी घ्यायची तेवढं विचारते. परवा मी मुद्दाम म्हणालो, पिंगळे आपल्यासारखेच होते, नाही का? भांडेल असं वाटलं होतं. हो म्हणाली आणि कूस बदलली. खरं सांगायचं तर मला करमत नाही.

उद्या पक्षीघरांना दुसरा रंग देऊन बघतो. हिरवा.

६ एप्रिल, संध्याकाळ
मचाणावर बसूनच लिहितोय. यश! पिंगळ्यांचा आवाज! तेच कचाकचा भांडण. सहाही घरांवरून दुर्बीण फिरवली. काही नाही. आवाज भिंतीपलीकडून येत होता.

बघूशेठची मोडकी शेड. निम्मं छप्पर खाली आलेलं, त्यावर वेली, भोवती कमरेएवढं गवत. तुळईवर दोन्ही पिंगळे. खाली बघूशेठ आरामखुर्चीत झोपलेले, त्यांच्या पायाशी आमचं मुंगूस. आणि दुसऱ्या खुर्चीत, मांडीवर थर्मास घेऊन, बायको. पिंगळे भांडत होते आणि ती तोंडावर पदर दाबून हसत होती. ऑपरेशननंतर पहिल्या संध्याकाळी हसली होती तशी.

मी हात हलवला. पिंगळे एकदम गप्प झाले आणि तिघांनी माझ्याकडे पाहिलं. येऊ का, असं मी खुणेनं विचारलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि हातानं दाखवलं, आहात तिथेच बसा.

बसलोय. इथून सगळं अगदी स्वच्छ दिसतं. मध्ये एकही झुडूप नाही.