फुतीच्या चुलीवरचे दूध

मी, उर्केन शेर्पा, राहणार फोर्चे, सोलुखुम्बू, वय सत्तरीच्या पुढे (नक्की किती ते आई सांगायची, तेव्हा मी लक्ष दिले नाही), पूर्वीचा धंदा डोंगरावर ओझी वाहणे, स्वयंपाक करणे, दोर बांधणे आणि शेवटी सरदार म्हणून इतरांना तेच करायला लावणे, आज राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत माझ्या मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझ्या अकलेबद्दल कुणाला शंका असल्यास त्याने ध्यानात घ्यावे की मी विरळ हवेत वर जात होतो आणि पैसे घरी येत होते, तोपर्यंत ही शंका कुणालाही आली नव्हती.

मी सांगतो तसे लिहून घेण्याचे काम शाळेचे मास्तर तेन्जी करत आहेत. येताना ते स्वतःचा थर्मास घेऊन येतात. का, ते पुढे कळेल. "उर्केनकाका, मृत्युपत्रात टोमणे घालत नाहीत," असे ते म्हणाले. "मग काढून टाका, उरेल त्यावर सही करतो," असे मी म्हणालो. त्यांनी वाचून पाहिले. फारसे काही उरत नव्हते, म्हणून टोमणे राहू दिले आहेत.

माझी पत्नी पूर्वीच वारली. मला दोन मुलगे. थोरला कामी हयात असून मोठ्या वाटेवरच्या लॉजचा मालक आहे. त्याची पत्नी यांजी. धाकटा गेल्जे डोंगरावर गेला तो गेलाच. त्याची पत्नी फुती माझ्यापाशी राहते. याखेरीज मला वारस नाही. एक परदेशी साहेब मला जन्माचा भाऊ म्हणतो, पण भाऊ म्हणून माझ्या म्हाताऱ्या झोम गाईची वैरण करायला तो येईल असे दिसत नाही.

कलम पहिले. माझी बर्फकुऱ्हाड कामीला द्यावी. कामी पायथ्याच्या छावणीपलीकडे कधी गेलेला नाही, तरी रात्री शेकोटीपाशी पाहुण्यांना शिखराची हकीकत फार छान सांगतो. कुऱ्हाड भिंतीवर टांगली की हकीकतीला पुरावा होईल. त्या हकीकतीत वादळात साहेबाला ओढून आणणारा माणूस मी आहे, एवढे त्याने अधूनमधून आठवावे.

कलम दुसरे. ज्या दोराने मी त्या परदेशी भावाला शिखरापर्यंत ओढला, तो निळा दोर त्याला पाठवून द्यावा. त्याने लिहिलेल्या पुस्तकात मी एकाच पानावर आहे आणि तिथेही चहा देतो आहे. दोर पाहून त्याला बाकीची पाने आठवतील. टपालखर्च त्याच्याकडून घ्यावा.

कलम तिसरे, राहते घर. आमच्यात थोरल्याचे लग्न झाले की त्याला वेगळे घर द्यायचे आणि आईबापांचे घर धाकट्याकडे ठेवायचे, अशी रीत आहे. कामीला लग्नात घर दिले. त्याचेच पुढे लॉज झाले. राहते घर गेल्जेचे होते. गेल्जे नाही, म्हणून ते फुतीचे. गेल्जेच्या विम्याची रक्कम बँकेत पडून आहे, तीही तिचीच. हे इतके सोपे आहे, पण कामीला समजावायला मृत्युपत्र लागते.

कामीचे म्हणणे असे की फुतीची चूल बाटलेली आहे. बाटलेल्या चुलीचे घर मात्र त्याला हवे आहे, कारण पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत. पाहुण्यांना विटाळ कळत नाही, ही धंद्यातली सोय आहे.

चूल कशी बाटली, हे लिहून ठेवणे भाग आहे. घरातली माणसे वर असताना चुलीवर दूध उतू जाऊन जळले तर डोंगराच्या देवीला तो वास सोसत नाही, असे आम्ही मानतो. मीही मानतो. पण देवीच्या नाकाचे मला नवल वाटते. पायथ्याला दर मोसमात तंबूंचे अख्खे गाव वसते, तिथे महिनाभर मांस भाजतात, आणि वरच्या छावण्यांत लोक जे मागे सोडून येतात त्याचे नाव मास्तर लिहून घेणार नाहीत. तो वास देवीला येत नाही. फुतीच्या पातेलीभर दुधाचा मात्र इतक्या लांबून बरोबर येतो. मी कित्येक मोसम त्या तंबूंत स्वयंपाकी होतो आणि दूध उतू गेले नाही असा एकही मोसम मला आठवत नाही. त्यांतल्या पुष्कळ मोसमांत सगळे सुखरूप उतरले. त्याचे श्रेय माझ्या दुधाला कुणी दिले नाही.

त्या पहाटे गेल्जे वरच्या छावणीसाठी कॉफीचे यंत्र पाठीवर घेऊन बर्फाच्या भेगा ओलांडत होता. तिथल्या पाहुण्यांना सकाळी फेसाळ कॉफी लागते. वरून बर्फाचा कडा सुटला. गेल्जे गेला, यंत्रही गेले. मोहीमवाल्यांनी दोन्हींबद्दल दुःख व्यक्त केले.

फोन मला आला. फुती चुलीपाशी होती, दूध अजून तापायचे होते. मी तिला सांगितले. ती पळी हातात धरून उभी राहिली. दूध वर आले, उतू गेले, जळू लागले, आणि आम्हा दोघांनाही जागचे हलता आले नाही. तेवढ्यात बातमी कळून यांजी धावत आली. तिला दारातच वास आला आणि ती म्हणाली, "तरीच गेला."

फोन आधी आला, दूध नंतर उतू गेले. हे मी त्याच दिवशी सांगितले, लामांसमोर सांगितले, आणि आता कागदावर सांगतो. सुनेच्या हातचे चांगले खायला मिळते म्हणून म्हातारा तिची बाजू घेतो, असे उत्तर मिळाले. फुती स्वयंपाक चांगला करते, हे खरे आहे.

लामांनी धूप जाळून चूल शुद्ध केली. यांजीने लामांचे वय काढले. तेव्हापासून ज्या घरातले कुणी डोंगरावर जाते, त्या घरातले लोक आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत. आमच्या गावात डोंगरावर न जाणारे घर हुडकूनच काढावे लागेल.

मागच्या हिवाळ्यात फुती म्हणाली, "आबा, मी जाते माहेरी. माझ्यामुळे तुमच्याकडेही कुणी फिरकत नाही."

"मला आधीही कुणी फिरकलेलं आवडत नव्हतं," मी म्हणालो. "बस खाली."

ती बसली, पण मी गेलो की निघायचे म्हणून तिने गाठोडे बांधून ठेवले आहे. धान्याच्या पेटीमागे ते मला रोज जेवताना दिसते. मुलगा गेला, त्याचे मी काही करू शकलो नाही. सुनेला हाकलू देणार नाही. फुतीने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. नवरा शक्यतो सपाटीवर काम करणारा पाहावा.

कलम चौथे. वाटेच्या वळणावरचे बटाट्याचे शेत, ज्यावर यांजीने मनातल्या मनात बेकरी बांधून ठेवली आहे, ते कामी व यांजी यांना द्यावे. अट अशी. माझे एकोणपन्नास दिवसांचे विधी संपले की सगळे गाव माझ्या घरी जेवायला येईल, कारण जेवण फुकट असेल आणि न येणे मेलेल्याचा अपमान ठरेल. तेव्हा फुतीने सर्वांदेखत चुलीवर दूध ठेवावे आणि उतू जाऊ द्यावे. मग त्याच चुलीवर चहा करून पहिला पेला यांजीला द्यावा आणि आपल्या रीतीप्रमाणे तो तीनदा भरावा. रीतीप्रमाणेच यांजीने पेल्यावर हात धरून "नको, नको" म्हणावे. दोनदा म्हटल्यास तो शिष्टाचार समजावा. तिसऱ्यांदा म्हटल्यास तो खरा नकार धरून शेत तत्क्षणी फुतीचे व्हावे.

यांजी पिईल. ती लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला ओळखतो, आणि ते शेत फार मोक्याचे आहे. ती प्यायली की गावात इतर कुणाला "नको" म्हणायला तोंड राहणार नाही.

त्या दिवशी गावातले कुणी वर असेल तर ते उतरेपर्यंत कार्यक्रम पुढे ढकलावा. देवीला उगाच डिवचू नये.

कलम पाचवे. माझ्या नावाने दगडी स्मारक उभारू नये. आधीच वाटेवर इतकी झाली आहेत की भारवाह्यांना ओझे टेकायला जागा उरलेली नाही.

याव्यतिरिक्त माझे कुणाशी भांडण नाही. जे आहे ते वर लिहिले आहे. हे मृत्युपत्र मी वाचून घेतले, बरोबर आहे, आणि त्याखाली माझी सही करत आहे.

उर्केन शेर्पा
स्थळ: फोर्चे, फुतीचे घर
विक्रम संवत २०७९, कार्तिक, पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस

साक्षीदार १: लामा थार्के. सही माझीच आहे. डोळ्यांना नीट दिसत नसल्याने तिरकी आली. माझे वय झाले आहे हे मला मान्य आहे. चूल शुद्ध आहे.

साक्षीदार २ व लेखक: तेन्जी शेर्पा, शाळामास्तर. वरील मजकूर सांगितला तसाच लिहिला आहे. फोनची आणि दुधाची हकीकत लिहिताना फुती समोर बसली होती. सही करण्यापूर्वी मी तिच्याकडे चहा मागितला आणि तीन पेले घेतले. माझा सख्खा भाऊ आज डोंगरावर आहे.