कोरड्या टाकीचा टेम्पो

ती. माणिकराव भाऊजी यांस धाकटा मेव्हणा नागनाथ याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा खोकला, शकुताईची कंबर आणि गोठ्यातली दोन्ही जनावरं ठीक असतील अशी आशा आहे. (जनावरांचं मुद्दाम विचारतो आहे.) मी मात्र कालपासून सर्द होऊन बसलो आहे.

तिकडे आखातात लढाई झाली आणि डिझेल भडकलं आमच्या खेड्यात! माझा टेम्पो कोरड्या टाकीनं दारात उभा. भैंसा गावचा एक व्यापारी टायरला लाथ मारून, पोळा झाला की मातीमोल भावात उचलतो, असं सांगून गेला. इतक्यात सरकारनं जाहीर केलं की मालवाहू गाड्यांना डिझेलसाठी मदत मिळेल, गाडी जैनथला आणून दाखवा. जीव भांड्यात पडला. पण तारीख निघाली ऐन पोळ्याची! आदल्या संध्याकाळी 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणून ज्या बैलांना हात जोडले, त्यांच्या मानेवर सकाळी जू कोण ठेवील? (गाड्या तपासणारे साहेब बाहेरगावचे, त्यांना याचा पत्ता नाही.)

शेवटी शेजारचे बाबाराव ओरडले, "बैलाले सुट्टी हाये, मानसाले थोडीच हाये? लावा हात!" रस्ता उताराचा. अख्ख्या गावानं टेम्पो ढकलला. भागीरथेनं (शकुताईची भावजय हौशी, ठाऊकच आहे) त्याच्यावर बैलाची झूल टाकली, आरशांना घुंगरमाळा बांधल्या. आत मी, नवरदेवासारखा.

साहेबांनी टाकीत काडी घातली. ती कोरडीच निघाली. आपली गरिबी दिसली म्हणून मी मनात खूश. तर ते म्हणतात, "ये तो डिझल के बगैर चलती है. इसको मदद काहेकू?" भाऊजी, डिझेल भरायला पैसा असता तर मदत कशाला मागितली असती? मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी पुढची गाडी बोलावली. जाता जाता सजावटीचं कौतुक मात्र केलं.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
नागनाथ

ता. क. टेम्पो अजून जैनथच्या मैदानातच आहे. परतीला चढ आहे आणि पोळ्याबरोबर गावाची हौसही संपली. व्यापारी तिथंही घिरट्या घालतो आहे. तेव्हा तुमची बैलजोडी पाठवा. टेम्पो घरी ओढून आणला की त्याच जोडीवर खताची भाडी मारून डिझेलचे पैसे उभे करीन म्हणतो.

पुन्हा ता. क. होय, तीच जोडी. 'बैलांचा जमाना गेला' म्हणत, टेम्पो घेताना मीच तुम्हाला विकलेली. त्यांना माझ्यातर्फे आवतण द्या. कशाचं, ते सांगू नका.