तीस नंबरची बाई

३ मार्च, सोमवार
नवी वही. हॉस्पिटलच्या पाहणीतल्या बायकांना आम्ही रोज लिहायला लावतो: काय खाल्लं, किती झोपलात, मन कसं आहे. वजन जास्त असलेल्या बायकांची झोप, खाणं आणि उदासी यांचा एकमेकांशी काय संबंध, हा मोठ्या डॉक्टरबाईंचा विषय. वजनकाटा पिशवीत घालून घरोघर जायचं आणि फॉर्म भरून आणायचे, हे माझं काम. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडी, असलं मला जमत नाही. म्हणून ही वही. आजपासून बिस्किटं बंद. दहाला दिवा बंद. जेवण ताटात वाढून, बसून.
मला स्वतःला तसा काही त्रास नाही. आमच्या घराण्यात हाडंच जाड.

४ मार्च, मंगळवार, सकाळी ८.३०
बिस्किटं चार. पुडा उघडा होता, सादळली असती. झोप पुरेशी. निदान डोळे मिटलेले होते. हे शेजारी ढाराढूर. नशीबवान माणूस.

५ मार्च, बुधवार
बायका हव्या तीस, मिळाल्या एकोणतीस. शिवणकामवालीनं काटा बघितला आणि दार लावून घेतलं. सुपरवायझर साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत तीस झालेच पाहिजेत. ते फॉर्म वाचत नाहीत, मोजतात.
मग कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून तीस नंबरची बाई मीच तयार केली. वय माझ्याच आसपास. पत्ता आमचाच दिला, कारण प्रत्येकीला दर आठवड्याला ओट्सचं पाकीट घरपोच मिळतं, ते कुठेतरी यायला हवं. वजन ८६.४. काटा बरोबर चालतो का ते बघायला रोज सकाळी मी त्यावर उभी राहते, तोच आकडा घेतला. बाकी सगळं कल्पनेनं. एरवी एका फॉर्मला चाळीस मिनिटं लागतात. हा अकरा मिनिटांत झाला. शाळेत निबंधात माझा पहिला नंबर असायचा.

१० मार्च, सोमवार
दुसरी फेरी. उदासीचे गुण सत्तावीसपैकी मोजतात, जास्त म्हणजे वाईट. तीस नंबरचे गेल्या आठवड्यात बारा होते, आज पंधरा भरले. मुद्दामच वाढवले. खऱ्या बायका दर आठवड्याला एकसारख्या राहत नाहीत.
ओट्सचं पाकीट आलं. चवीला पुठ्ठा. संपवलं.

१२ मार्च, बुधवार
आज मीटिंगमध्ये डॉक्टरबाईंनी एक फॉर्म सगळ्यांसमोर वाचला. 'रात्री फ्रिज उघडून नुसती उभी राहते. भूक नसते. आत उजेड असतो म्हणून. मग उभी आहेच तर खाते.' बाई म्हणाल्या, बाकीच्यांनी पाट्या टाकल्यात, माहिती काढावी ती अशी. फॉर्म तीस नंबरचा!
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला अचानक रडू आलं. कौतुकाची सवय नाही, दुसरं काय. येताना केकचा एक तुकडा घेतला. दोन घेतले.

१४ मार्च, शुक्रवार
बारा नंबर, लॉन्ड्रीवाली. ब्याण्णव किलो, हसते खदाखदा, झोपते आठ तास. तिच्या सोफ्यावर बसून 'झोप शांत लागते का?' एवढं विचारल्याचं आठवतं. जाग आली तेव्हा अंगावर इस्त्रीची गरम चादर आणि दोन तास गेलेले. फॉर्म तिनंच भरून ठेवला होता. म्हणाली, तुम्हाला उठवावंसं वाटेना. मी म्हटलं, उन्हानं होतं असं. ऊन नव्हतं.
असो. फॉर्म पूर्ण झाला.

१७ मार्च, सोमवार
तीस नंबर: १९. 'गेल्या वर्षात काही दुःखद घडलं का?' या प्रश्नापुढे लिहिलं, 'काही नाही.' साहेब पहिल्यांदाच काहीतरी वाचून म्हणाले, मग हिला झालंय काय? म्हटलं, विचारून सांगते.
धाकटी बहीण रागावली आहे. म्हणे, ताई, तू फोन उचलत नाहीस. कामं असतात, हे घरी बसून बोलणाऱ्यांना कसं कळणार. संकल्प: उद्यापासून रोज एक फोन.

१९ मार्च, बुधवार
फोन केला नाही. आंघोळही राहिली. पाण्याचा प्रश्न नव्हता. वेळेचाही नव्हता.

२४ मार्च, सोमवार
डॉक्टरबाईंचा नियम आहे, वीसच्या वर गुण गेले की बाईला ताबडतोब त्यांच्याकडे न्यायचं. म्हणून आज तीस नंबरचे सोळा भरायचे असं ठरवूनच बसले होते. एकेक प्रश्न वाचत गेले. बेरीज बावीस. खोडरबर घेतलं, पुन्हा वाचलं, पुन्हा बावीस. फॉर्म खोटा, पण त्यात खोटं लिहवेना. प्रामाणिकपणा नडतो तो असा.

२५ मार्च, मंगळवार
बाईंचा फोन. तीस नंबरला घेऊन या. म्हटलं, ती परगावी गेलीये. बरं, शुक्रवारपर्यंत वाट बघते, म्हणाल्या. मग हळूच विचारलं, तिच्यासोबत घरी कोणी असतं का? म्हटलं, नवरा आहे, पण त्याला काही कळत नाही.

२६ मार्च, बुधवार
उपाय सापडला. तीस नंबरला काढून टाकायचं. फॉर्मच्या शेवटी तसा रकाना आहे. १ म्हणजे स्थलांतर, पण त्यात नवा पत्ता मागतात. २ म्हणजे नकार, पण मग डॉक्टरबाई स्वतः समजूत घालायला जातात. ३ म्हणजे मृत्यू. तीन सगळ्यात सोपा. एक आकडा लिहायचा, पुढे कोणी काही विचारत नाही. कुणाचा खोळंबा नाही.
कितीतरी दिवसांनी डोकं शांत झालं. हे आधीच का सुचलं नाही?

२७ मार्च, गुरुवार
तीनचा आकडा लिहिला. संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर फॉर्म ठेवून आले.
आवरायचं म्हटलं की मी पूर्ण आवरते. फ्रिज पुसला. कपाट लावलं. गॅसची, विजेची, विम्याची कागदं वेगवेगळ्या पाकिटांत घालून वर नावं टाकली, ह्यांना काहीच कुठे सापडत नाही. धाकटीची शाल सहा वर्षं माझ्याकडे पडून होती, ती आणि आईच्या बांगड्या तिला नेऊन दिल्या. ती दारातच उभी राहिली. 'ताई, मी मागितलं होतं का?' म्हटलं, अगं, पसारा कमी करतेय. चहा घे म्हणाली, पण मी थांबले नाही.
उद्याची रजा टाकली आहे. हे कामावर गेले की दुपारी फोन बंद करून झोपायचं. भरपूर.

२८ मार्च, शुक्रवार, सकाळी १०
हे कामावर गेलेच नाहीत. म्हणे डोकं दुखतंय. डोकं दुखणारा माणूस बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून मिक्सर उघडतोय. मिक्सर चांगला चालतो. म्हटलं, जा की कामावर. नाही म्हणाले. रात्री उशिरा ह्यांना धाकटीचा फोन आला होता, तेव्हापासून असेच आहेत.

दुपारी १२.३०
मिक्सरचे अठरा तुकडे झालेत. हे हलत नाहीत. मी आतल्या खोलीत गेले की दार उघडं ठेव म्हणतात. सगळा बेत फिसकटला.

संध्याकाळी ६
लिहून टाकते.
तीनला वाजली बेल. दारात मोठ्या डॉक्टरबाई, पांढऱ्या फुलांचा गुच्छ आणि बगलेत फॉर्म. पाहणीतली बाई दगावली तर डॉक्टरनं स्वतः तिच्या घरी जायचं असतं, हे फॉर्मच्या मागच्या बाजूला छापलंय म्हणे. तीन वर्षं फॉर्म भरतेय, मागची बाजू कधी बघितली नाही.
मला बघून त्या म्हणाल्या, तुम्ही आधीच पोचलात, बरं केलंत. मग त्यांची नजर माझ्या गाऊनवर गेली, पायांतल्या स्लिपरवर गेली. दाराच्या पाटीवर गेली. फॉर्मवरचा पत्ता त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचला. आतून हे विचारायला लागले, कोण गेलं, कोण गेलं?
'कोणी नाही,' मी म्हटलं.
'अजून कोणी नाही,' बाई म्हणाल्या आणि आत येऊन जमिनीवर बसल्या, मिक्सरच्या तुकड्यांमध्ये. गुच्छ कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मी नोकरीबद्दल बोलायला लागले. चूक झाली, तीसचा आकडा भरायचा होता, पगारातून कापा. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. फॉर्म उलटा केला, पेन काढलं आणि विचारलं, काल रात्री किती तास झोपलात?
म्हटलं, सात.
ह्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. माझ्याकडे न बघता बोलले.
'दोनसुद्धा नाही. रोज फ्रिजचं दार वाजतं, मग बाथरूमचा नळ, मग ही पलंगाच्या कडेला बसून राहते. उजाडेपर्यंत.'
मी म्हटलं, तुम्ही तर घोरत असता.
'घोरतो तो तुला बरं वाटावं म्हणून. मी जागाच असतो. काय विचारायचं ते कळत नाही.'
बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, गाडी खाली उभी आहे, दोघंही चला. ह्यांनी माझी पर्स घेतली, उलट्या बाजूनं खांद्याला लावली. मला चपला सापडेनात.
आता वॉर्डात आहे. वही नर्सनं मागितली आहे. वाचून परत देते म्हणाली.