एकही पान न काढता

मी, चुनीलाल गिरधर चौधरी, वय सदुसष्ट, जन्माने गुजर, धर्माने ख्रिस्ती, पेशाने ख्रिस्ती नीतिशास्त्राचा माजी प्राध्यापक, राहणार म्हसावद, तालुका शहादा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसे नाही म्हणणारे हिंदूंत आणि ख्रिस्त्यांत सारखेच भेटतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

१. राहते घर पुतणी मीनाबाई हिला. ती इथल्या शाळेत शिक्षिका आहे. चुलता बाटला म्हणून तिने माझ्या घरचे पाणी कधी टाळले नाही.

२. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ नवल, याला काही नाही. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याने तीर्थाला, प्रकाशा गावी, माझ्या नावाने पिंड पाडले आणि गावजेवण घातले. जिवंत भावाचे तेरावे जेवला, आता आणखी काय हवे! फक्त माझी छत्री त्याला द्यावी. कारण खाली येईल.

३. आता कागद. व्याख्याने, टिपणे, पत्रे मिळून एक लाकडी पेटी भरते. आयुष्याची कमाई म्हणाल तर एवढीच. ज्या धर्मशिक्षण विद्यालयात मी शिकवले (नाव लिहून कागद विटाळत नाही) त्यांना ती आता ग्रंथालयात जपायची आहे. काचेचे कपाट, वर माझा फोटो. वा रे वा! माणसाला हाकलले, त्याचे कागद मात्र हवेत.

हाकलले का, तेही सांगतो. एक्कावन्न साली आई जमनाबाई गेली. जाताना म्हणाली, "माले आग मन्हा मोठा पोऱ्याच दी. बाटना तरी मन्हाच शे." तापीकाठी मी तिला अग्नी दिला. गाव कुजबुजले. नवल तोंड फिरवून उभा राहिला, पण आडवा आला नाही. छत्री त्यासाठी.

ख्रिस्ती प्राध्यापकाने चितेला अग्नी दिलाच कसा, म्हणून विद्यालयाने चौकशी मांडली. माझा सर्वांत लाडका विद्यार्थी रतिलाल गावित घाटावर माझ्यासोबत आला होता. त्याने उभे राहून सांगितले, "सरांनी अग्नी दिला. मी पाहिलं." खोटे बोलू नये, हे मीच शिकवले होते. त्याला बोल लावला नाही. घरी येऊन रडलो, ते वेगळे.

नोकरी गेल्यावर बायबलातल्या ‘आईबापांचा मान राख’ या आज्ञेवर मी एक व्याख्यान लिहिले. त्यात घाटावरचे सगळे आहे, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही हेही आहे. ते द्यायला वर्ग मिळाला नाही.

रतिलाल आज त्याच विद्यालयाचा प्राचार्य आहे. परवा आला, पाया पडला, चहा घेतला आणि म्हणाला, "सर, पेटी आम्हाला द्या. फक्त ते एक व्याख्यान काढून ठेवतो. मंडळीत उगीच चर्चा नको." अरे लबाडा! तेव्हा खरे बोलून माझी नोकरी घालवलीस, आता तेच खरे तुझ्या डोळ्यांत खुपते?

४. म्हणून पेटी रतिलालला, विद्यालयाला नव्हे. आणि एकही पान न काढता. माझे गिचमिड अक्षर त्याच्याइतके कुणाला लागत नाही. खोटे कशाला बोलू, इतके होऊनही तोच जवळचा वाटतो. त्याला पोहोचली नाही तर पेटी मीनाबाईला.

५. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे. आज मी रतिलालला बोलावून हे सर्व वाचून दाखवले. तो मान खाली घालून बसला आहे. माझी सही झाली की पहिली साक्ष शेजारी भिला पाटील करतील. मग टाक मी रतिलालपुढे ठेवीन. पेटी हवी असेल तर त्याने सही करू नये. शेजारचा वाहरू बसवून ठेवला आहे, दुसरी साक्ष तो करील.

चुनीलाल गिरधर चौधरी
म्हसावद, ता. १२ फेब्रुवारी १९६६

साक्षीदार
१. भिला धुडकू पाटील
२. रतिलाल गावित

ता. क. दुसरी सही माझ्यासमोर झाली. सही करून त्याने टाक पुसून ठेवला. पेटी मीनाबाईने न्यावी. वाहरूला मी घरी जायला सांगितले.
चु. गि. चौधरी