स्मरणिकेतलं माझं पान

२ फेब्रुवारी, सोमवार
चर्चच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून दोन पानं हवीत – एकात प्रेसबिटेरियन पंथाची मुळं, दुसऱ्यात पाळक म्हणून माझा परिचय. फर्मान सुनंदाताईंचं. त्या आमच्या चर्चच्या निवडून आलेल्या वडील, म्हणजे एल्डर. बाई, आणि वडील! मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे अजून कुणाला पचलेलं नाही.

४ फेब्रुवारी
पंथाचं पान अर्ध्या तासात झालं. सोळावं शतक, जिनिव्हात कॅल्विन, स्कॉटलंडात नॉक्स. ना पोप, ना बिशप. मंडळीनं मत देऊन निवडलेले वडील कारभार बघतात. म्हणजे पाळकाला साधा पंखा हलवायचा तरी बैठक लागते – हे वाक्य लिहिलं आणि मुकाट खोडलं.

५ फेब्रुवारी
माझं पान हलत नाही. "विसाव्या वर्षी प्रभूनं मला पाचारण केलं." छान वाटतं. पण पाचारण ॲश्लीनं केलं होतं.

मरोळ गावठाणातलं आमचं घर पक्कं कॅथलिक. मी एकुलता एक, आणि फादर व्हायचं, म्हणजे जन्मभर लग्न करायचं नाही, असं ठरवून बसलेला. शेजारी भाड्यानं राहणारी ॲश्ली एके दिवशी म्हणाली, आमच्या प्रेसबिटेरियन चर्चच्या कॉयरला, गाणाऱ्यांच्या चमूला, पुरुषाचा आवाज कमी पडतो, येतोस का? गेलो. वर्षभरात पंथ बदलला. पुढं सेमिनरीत धर्मशिक्षण घेतलं, पाळक झालो, ॲश्लीशी लग्न झालं.

पंथ बदलला तेव्हा आई सहा महिने माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, तोंड फिरवायची. मग बोलायला लागली, पण हा विषय दोघांनीही काढला नाही. बावीस वर्षं झाली.

७ फेब्रुवारी
शेवटी जे खरं तेच लिहिलं, पंथबदलासकट. ॲश्लीनं पान वाचलं. छापायच्या आधी आईला दाखव म्हणाली. हसू दाबत होती की काय कोण जाणे. आईचं मन मोडलं ते मोडलं, वर छापून गावभर वाटायचं? उद्या उपासना आटोपली की मरोळला जाऊन आधी माफी मागतो.

८ फेब्रुवारी, रविवार
माफी अर्धीच झाली. आई म्हणाली, "अरे रसेल, कॉयरला तुला घेऊन जा, हे ॲश्लीला मीच सांगितलं होतं. तुमच्यातले पाद्री लग्न करतात ना!"

मग सहा महिने अबोला कशाला?

"तोंड उघडलं असतं तर हसले असते."