पिवळा पाना

रविवार, संध्याकाळ, मालेगाव

गाडीचं ऑइल मी गेल्याच आठवड्यात स्वतः बदललं, फिल्टरसकट. नरसाळं धरायला माझी बायको, मंदाच होती. तरी आज शेलूबाजारला साखरपुड्याला निघताना डॅशबोर्डवर पिवळा पाना, सर्व्हिसचा दिवा, लागलेला दिसला आणि बाई दार उघडून खाली उतरली.

"दिवा लागला हाय. मी नाई बसत."

"अवं, ऑइल तुह्यासमोरच टाकलं ना!"

"मंग दिवा काहून लागला?"

अख्खं इंजिन खोलून बसवणारा मी, पण हा एवढासा दिवा का लागला ते मलाही कळेना. ती आमच्यासोबत निघालेल्या तिच्या भावाच्या जीपमध्ये बसली. मी मागून रिकामी गाडी नेली. सोयऱ्यांनी पाहिलंच असणार.

तिथं याच मेहुण्यानं माझ्या गाडीची चावी फिरवली, एक बटण दाबून धरलं. पाना विझला.

"भाऊजी, हा फक्त किलोमीटर मोजते. ऑइल बदललं का नाई, त्याले काय समजते? आपनच बटन दाबून सांगा लागते."

हे मला माहीत नव्हतं, कबूल. पण बोचतंय ते वेगळंच. बॉनेट कुणी उघडलं नाही, ऑइल कुणी पाहिलं नाही. नरसाळं हातात धरलेल्या बाईनं माझ्यापेक्षा दिव्याचं ऐकलं. माझ्या हातावर तिचा भरवसा कधी होता तरी का?

परत येताना ती आपणहून माझ्या शेजारी बसली.

"पाहा, मह्या भावानं एका मिनटात दुरुस्त केली गाडी."

मालेगाव येईपर्यंत ती निवांत झोपली. त्याच गाडीत, मी टाकलेल्या त्याच ऑइलवर.