हात दोनदा दाबला की

३ जून
दूध घेऊन निघालो आणि बोगद्यापाशी गाडी थांबवली. डावीकडे की उजवीकडे? इंदिरानगरात इतकी वर्षं राहतोय आणि घरचा रस्ता सापडेना. मागचे हॉर्न मारतायत, मी ढिम्म. तेवढ्यात वैशालीचा फोन. "अहो, दूध आणायला गेलात की म्हैस घ्यायला?" पंक्चर झालं म्हणालो. बोलता बोलता रस्ता आपोआप आठवला.

५ जून
मी शिकवतो त्या मुलींचा कबड्डी सराव. कॅप्टनचंच नाव आठवेना. "ए पोरी" म्हणून वेळ मारून नेली. तिने बघितलं माझ्याकडे. नंतर घोट्याची पकड करून दाखवली. गुडघे कुरकुरले, पण घोटा अचूक हातात. अंग काही विसरत नाही. डोकंच...

८ जून
चहाचं भांडं दुसऱ्यांदा जळालं. वैशालीने सरळ डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर विचारतात, "डोक्याला कधी मार?" हसूच आलं. कबड्डीतल्या कोपरारक्षकाला हे विचारायचं? डोकं खाली घालून घोट्यावर झेप, वरून चढाईवाल्याचा गुडघा. लीगमध्ये खेळायचो तेव्हा हे रोजचंच. डोळ्यांपुढे काजवे, तोंडावर पाणी, "काय रे, बरा ना?" "हो सर." की परत मैदानात. लोक टाळ्या वाजवायचे, मलाही भारी वाटायचं.
एमआरआय करा म्हणाले. बघू म्हणालो.

११ जून
सिन्नर. भास्करकडे. लीगमध्ये मी उजव्या कोपऱ्यात, तो शेजारी. साखळीत माझा डावा हात त्याच्या हातात. चढाईवाला समोर नाचत असताना बोलायची सोय नाही, म्हणून आमची खूण. एकदा हात दाबला की थांब. दोनदा दाबला की घाल झडप.
दारातच वहिनी म्हणाल्या, "भावजी, जेवले का नाय ते बी ध्यानात राहत नाय यांच्या. परवा माझ्याकडंच बघून म्हणले, ह्या बाई कोण?"
भास्कर मला म्हणाला, "या पाव्हणे." नाव सांगितलं, मोसम सांगितला, फायनल सांगितली. नुसता हसला. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा.
शेजारी बसून हात हातात घेतला. बराच वेळ काही नाही. मग त्याने दाबला. एकदा. मी श्वास रोखून दुसऱ्या दाबाची वाट बघत बसलो. आलाच नाही.
एसटीत खिडकीकडे तोंड करून रडलो.

१२ जून
वैशालीने घेतलेली एमआरआयची वेळ रद्द केली. भास्करने थांब म्हणून सांगितलंय, असं स्वतःलाच पटवतोय. सगळं खोटं. फाटलीय माझी. डोक्याच्या फोटोत भास्कर दिसला तर? मुलींना काय शिकवू? आमची लेक स्वरा दहावीत, तिला काय सांगू?
वैशाली भडकली. "म्हणजे उद्या मी दारात उभं राहून पाहुण्यांना सांगू का, हे मला ओळखत नाहीत म्हणून?" मग आत जाऊन भांडी आपटत बसली. मी जेवलो नाही.

१६ जून
तिनेच परत वेळ घेतली. स्कॅन सेंटरच्या बाकावर बसून लिहितोय. गार एसी, आतून मशीनची ठकठक. माझं नाव पुकारलं. तिथली बाई म्हणाली, "या ना काका." नाहीच उठलो.
वैशालीने डावा हात धरला होता. दाबला. परत दाबला.
दचकलोच. "हे तुला कोणी सांगितलं?"
"तुम्हीच की. सिन्नरहून आलात त्या दिवशी. आणि काल परत. पहिल्यापासून सगळं."
सिन्नरहून आल्यावर बोललो, ते अंधुक आठवतंय. पण काल? काल कुठे बसलो होतो, काय बोललो, काहीच नाही. तिला विचारायची हिंमत होत नाही.
बाईने परत नाव पुकारलंय. हात अजून तिच्या हातात आहे. तिने परत दोनदा दाबला.